कोरडं वजन, ओला मासा

लांबून आलेले संशोधक आणि मागच्या रांगेत संकोचून बसलेले आमचे मासेमार बांधव... पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत.

नेवाशात स्वागताध्यक्षानं पैस खांबापासून सुरुवात करायची, असा प्रघात आहे. खांबाला इथूनच हात जोडतो आणि प्रवरेचीच दुसरी गोष्ट सांगतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला १९७४ साली झाडाची मुळं खणताना चार ओतीव शिल्पं सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. मिळून साठ किलोंच्या वर वजन. तपासणीत तांब्याबरोबर आर्सेनिकही निघालं. धातूंची आणि आमच्या नदीची ओळख इतकी जुनी आहे.

आता धातू येतात ते न दिसता. नाशिककडून गोदावरी येते, तिच्यात शहरांचं सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, द्राक्षबागांवर फवारलेला मोरचूद. मीही ऊसवाला आहे, त्यामुळे बोट दाखवताना जपून. स्फुरदखतात कॅडमियमचा अंश असतो आणि ती पोती माझ्याही बांधावर फुटतात. हे सगळं खाली जायकवाडी धरणाच्या नाथसागरात, गाळात बसतं. धातू कुजत नाही. गाळातून किड्यात, किड्यातून माशात. शिवाय कल्ल्यांतून थेट रक्तात. शिसं, कॅडमियम यकृत-मूत्रपिंडात साठतं, मांसात त्या मानानं कमी. पाऱ्याची तऱ्हा वेगळी. मिथाइल पारा मांसातच मुरतो आणि लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशात वाढत जातो. जपानच्या मिनामाताला १९५६ साली माणसांचा आजार उघडकीला आला, पण मांजरं त्याआधीच झटके येऊन मरत होती.

माशांतले धातू तपासणाऱ्या विद्वानांना दोनच विनंत्या, यजमानाच्या हक्कानं. माझी आजी बारीक मासळी राखेत चोळून धुवायची आणि तव्यावर तशीच परतायची. पोट कोण काढणार एवढ्याशा माशाचं? बाजरीच्या भाकरीबरोबर आम्ही ती काट्या-आतड्यांसकट खायचो. मोठ्या मरळीचं मुंडकं घरातल्या धाकट्याच्या ताटात पडायचं. तेव्हा कटल्याच्या पाठीचा तुकडा तपासून ‘खायला सुरक्षित’ असा निर्वाळा देण्याआधी, इथं माशाचं काय काय खातात ते एकदा चुलीपाशी येऊन बघा.

दुसरी विनंती आकड्यांची. माशातल्या शिशाची मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे, आणि ती ओल्या माशाची. निबंधांत पुष्कळदा वाळवून कुटलेल्या नमुन्याचा आकडा असतो. माशात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी, म्हणजे कोरड्या वजनाचा आकडा चौपट-पाचपट फुगतो. तो तसाच पेपरात छापून आला तर दुसऱ्या दिवशी आठवडे बाजारात चिलापीला गिऱ्हाईक नाही, आणि ज्यांनी नदीत काहीच सोडलं नाही त्यांच्या पाट्या भरलेल्या राहतात. जायकवाडीत या मासेमारांतल्या कितीकांची गावं गेली. पाण्याखाली गेलेल्या शेतावरच आज ते जाळं टाकतात. खरोखर मर्यादा ओलांडली असेल तर मात्र लपवू नका. आधी त्यांना सांगा, मराठीत सांगा, कुठल्या माशात आणि कुठल्या अवयवात तेही सांगा.

आता व्यवस्थेचं. दुपारच्या जेवणात नाथसागरातला कटला आहे. शाकाहारी पाहुण्यांना पिठलं-भाकरी. सकाळच्या पाटीतले तीन मासे फोडणीला न देता बाजूला काढलेत. कल्ले, यकृत आणि मांस वेगवेगळ्या पिशव्यांत, बर्फात, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत आहे. ज्यांना आपल्या प्रयोगशाळेत न्यायचं असेल त्यांनी जाताना घेऊन जावं.