मुलांची भेट आणि आपला खिसा



नाताळ जवळ आला की आपल्या पनवेलमध्येही पोरं सांताच्या नावाने यादी करतात, आणि सांता बिचारा ‘बिनव्याजी हप्त्या’च्या मागे लागतो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंय. व्याज किमतीत नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये दडलेलं असतं. महिन्याचा खर्च, मेंटेनन्ससकट (खजिनदार हसताहेत!), भागवून उरेल त्यातच भेट बसवा.

मी स्वतः मुलाच्या सायकलीसाठी दिवाळीत फेस्टिव्हल ॲडव्हान्स उचलला होता. दहा हप्ते. सातव्या हप्त्याला सायकल चोरीला गेली. उरलेले तीन मुकाट्याने भरले. मुलगा कमावता झाल्यावर त्याला हे सांगितलं. म्हणाला, “बाबा, तेव्हाच सांगायचंत ना, जुनी चालली असती.”