केसांसाठी मोजावे लागणारे मोल

(कळंब, जि. यवतमाळ येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



कळंबचा श्रीचिंतामणी हा विदर्भातील अष्टविनायकांपैकी एक. गौतम ऋषींच्या शापाने व्याधिग्रस्त झालेला इंद्र या कदंबनगरीत आला, त्याने गणेशाची आराधना केली, अंकुशाने कुंड निर्माण केले आणि त्या जलाने तो व्याधिमुक्त झाला, ही आख्यायिका येथील बालकांनाही ठाऊक आहे. देवांच्या राजालाही देहावरील व्यंग लपवावेसे वाटले, असाही तिचा अर्थ लावता येईल. योगायोग असा की, ज्या विकाराला सामान्य जन ‘चाई पडणे’ म्हणतात, त्याला आयुर्वेदाने दिलेले नाव इंद्राशीच जोडलेले आहे: ‘इंद्रलुप्त’. केस गळण्याचे दुःख आधुनिक नाही, ते पुरातन आहे. त्या दुःखावर उभा राहिलेला बाजार मात्र आजचा आहे आणि त्याचा परिचय करून घेणे प्रत्येक कुटुंबाला आवश्यक झाले आहे.

लांब जाण्याचे कारण नाही. आपल्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात, डिसेंबर २०२४च्या अखेरीस एक अघटित घडले. बोंडगाव, कालवड, कठोरा, हिंगणा अशा गावांतील लोकांचे केस हाताला येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. लहान मुले, तरुणी, वृद्ध, कोणीही त्यातून सुटले नाही. रुग्णांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. कोणी शाम्पूवर संशय घेतला, कोणी बुरशीवर, कोणी पाण्यावर. पाण्यात नायट्रेटचे प्रमाण अधिक आढळले, परंतु तेवढ्याने कोडे सुटत नव्हते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक गावांत आले. विंचूदंशावरील संशोधनामुळे जगात नाव झालेले महाडचे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही स्वतंत्रपणे शोध घेतला. फेब्रुवारी २०२५मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला. रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम हे द्रव्य फार वाढलेले होते, जस्त घटलेले होते. आणि शिधावाटप दुकानातून आलेल्या गव्हाच्या नमुन्यात सेलेनियमचे प्रमाण किलोमागे १४ मिलिग्रॅमहून अधिक होते. गहू धुतला, तरी ते १३च्या खाली उतरत नव्हते.

या प्रसंगातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, डॉ. बावस्करांचा निष्कर्ष ध्यानात घेतला, तर लक्षण डोक्यावर दिसत होते, पण कारण पोळीत होते. अशा स्थितीत जगातील कोणतेही तेल, लोशन वा शाम्पू उपयोगी पडणार नव्हते. पुढे अनेकांना काही आठवड्यांत पुन्हा केस येऊ लागले. त्या काळात एखाद्या भोंदूने ‘चमत्कारी तेल’ विकले असते, तर सारे श्रेय त्या तेलाला गेले असते! दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. या गावांतील लोक मुंडन करून, डोक्याला रुमाल बांधून वावरू लागले, तरुण मुले-मुली घराबाहेर पडेनाशी झाली, सोयरिकी अडल्या. केस गेल्याच्या दुःखापेक्षा समाजाच्या नजरेचे दुःख मोठे ठरले. माणूस आजाराला जेवढा भितो, त्याहून अधिक लाजेला भितो. आणि लाजेने घेतलेले औषध हे बहुधा कोणालाही न विचारता, न सांगता घेतलेले असते. खरा धोका तेथेच सुरू होतो.

म्हणून आधी मूळ समजून घेऊ. माणसाच्या टाळूवर सुमारे एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० केस गळणे हा निसर्गक्रम आहे. केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि गळतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कडक उपास यांचा धक्का बसला की एकाच वेळी असंख्य केस विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी झडू लागतात. कोरोनानंतर घरोघरी हाच अनुभव आला. हे केस बहुधा आपोआप परत येतात. लोह कमी असणे, थायरॉइडचा विकार ही कारणे रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात. चाई हा शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीने स्वतःच्याच केशमुळांवर केलेला हल्ला असतो. मुलांच्या टाळूवरील गजकर्ण हा बुरशीचा संसर्ग असतो. आणि पुरुषांचे कपाळ मागे सरकत जाणे हे आनुवंशिकता व संप्रेरके यांचे कार्य असते. पाच कारणे, पाच वेगळे उपचार. सर्वांवर एकच बाटली देणारा हा वैद्य नसून विक्रेता असतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

आता प्रत्यक्ष औषधांकडे वळू. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणजे हा दुष्परिणामच होता. त्याच दुष्परिणामाचा उपयोग करून टाळूला लावायचे लोशन तयार झाले आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते उपयुक्त आहे, यात शंका नाही. परंतु आरंभीच्या काही आठवड्यांत ते लावल्याने केस अधिक गळतात, टाळूला खाज येते, स्त्रियांच्या चेहऱ्यावर लव वाढू शकते. रक्तदाब उतरणे, छातीत धडधडणे, पायांवर सूज येणे ही लक्षणे दिसली, तर ते तत्काळ थांबवून डॉक्टरांकडे जावे. शिवाय ते सोडले की काही महिन्यांत मिळवलेले केस जातात. घरात तान्हे बाळ असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. स्पेनमध्ये २०२३ साली असे आढळले की, वडील हे लोशन लावत असताना त्यांच्या सहवासातील तान्ह्या बाळाच्या पाठीवर व पायांवर दाट केस उगवले. संपर्क थांबल्यावर ते नाहीसे झाले. औषध लावलेले डोके आणि बाळाचे तोंड यांत अंतर हवे, हात धुतलेले हवेत.

दुसरे औषध फिनास्टेराइड. पौरुषग्रंथीच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या वाढीवर १९९२मध्ये आणि केसांसाठी १ मिलिग्रॅमच्या मात्रेत १९९७मध्ये ते मान्य झाले. पुरुष संप्रेरकाचे ज्या रूपात परिवर्तन होऊन केशमुळे आक्रसतात, ते परिवर्तन ही गोळी रोखते. बहुतेकांना त्रास होत नाही, हे खरे. मूळ चाचण्यांत लैंगिक तक्रारींचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत ३.८ टक्के, तर नुसती निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत २.१ टक्के होते. परंतु औषध थांबवल्यावरही तक्रारी टिकून राहिल्याच्या आणि मन खिन्न झाल्याच्या नोंदी पुढे वाढत गेल्या. मे २०२५मध्ये युरोपीय औषध संस्थेच्या सुरक्षा समितीने आत्महत्येचे विचार हा या गोळ्यांचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. नोंदलेली बहुतेक प्रकरणे केसांसाठीच्या १ मिलिग्रॅम गोळीची होती. घरातील तरुण मुलगा एकाएकी अबोल झाला, त्याची झोप उडाली, तर ‘परीक्षेचा ताण असेल’ म्हणून सोडून देऊ नये. तो काही गोळ्या घेतो का, हे मायेने विचारावे. गर्भवतीने या गोळीच्या चुऱ्यास स्पर्शही करू नये, कारण पोटातील पुत्रगर्भाच्या अवयवांच्या वाढीस त्याने बाधा येऊ शकते. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होणाऱ्या रक्तचाचणीचा आकडा या औषधाने निम्म्यावर येतो, म्हणून प्रौढांनी डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. रक्तदान शिबिरांत उत्साहाने उभे राहणाऱ्या कार्यकर्त्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे: फिनास्टेराइडच्या शेवटच्या गोळीनंतर किमान एक महिना रक्तदान करायचे नसते. ते रक्त एखाद्या गर्भवतीच्या शरीरात जाऊ शकते.

चाईवर डॉक्टर टाळूत स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. त्यांचा गुण येतो, पण अतिरेक झाला तर त्वचा पातळ होते, खळगा पडतो. तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिब या गोळीला २०२२मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ती रोगप्रतिकारशक्ती दाबते, म्हणून दबलेला क्षयरोग उसळण्याची भीती असते. आपल्या देशात क्षयाची तपासणी केल्यावाचून ती घेणे म्हणजे केसांसाठी फुप्फुस पणाला लावणे होय.

येथे कोणी म्हणेल, हे सारे विलायती औषधांचे झाले, आपले झाडपाल्याचे तर निर्धोक! आपल्या परंपरेचा अभिमान असणाऱ्यानेच या प्रश्नाचे उत्तर परंपरेच्या ग्रंथांतून द्यायला हवे. इंद्रलुप्तावर सुश्रुताने गुंजेचा लेप सांगितला आहे. सोनाराच्या तराजूतील ती लाल-काळी गुंज पोटात गेली तर प्राणघातक असते. मनःशिळेसारखे सोमलयुक्त खनिजही त्या उपचारांत आहे. सुश्रुताने हे कुशल वैद्याच्या हाती सोपवले, आठवडी बाजारातील बाटलीच्या नव्हे. बिबा उतला की काय होते, हे विदर्भातील आजीबाईंना वेगळे सांगावे लागत नाही. वनस्पती निसर्गातून येते, तसे विषही निसर्गातूनच येते. पंजाबातील संगरूर येथे मार्च २०२५मध्ये टक्कल घालवण्याच्या शिबिरात डोक्याला तेल लावून घेतलेल्या साठहून अधिक लोकांना डोळ्यांच्या तीव्र जळजळीने रुग्णालय गाठावे लागले. फुकट शिबिर फुकट पडत नाही, ते असे!

‘केसांचे व्हिटॅमिन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. २००८ साली अमेरिकेत एका पूरक आहारात चुकीने लेबलवरील मात्रेच्या सुमारे २०० पट सेलेनियम पडले. दोनशेच्या आसपास लोकांना बाधा झाली आणि त्यांतील बहुतेकांचे केस गळले. ज्या द्रव्याचा अंश केसांना हवा, त्याच्याच अतिरेकाने केस जातात. शेगावच्या गव्हाने जे दाखवले, तेच त्या बाटलीने दाखवले. बायोटिनच्या मोठ्या मात्रेने थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्याच्या रक्तचाचण्या चुकीच्या येऊ शकतात, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७मध्ये दिला आहे.

आता केशरोपण. ही शस्त्रक्रिया आहे, केशकर्तनालयातील सेवा नव्हे. मार्च २०१९मध्ये मुंबईत एका त्रेचाळीस वर्षांच्या व्यावसायिकाच्या डोक्यावर एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केशमुळे रोवली गेली. दोन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. कानपुरात दोन अभियंत्यांच्या मृत्यूनंतर २०२५मध्ये दंतवैद्यकाची पदवी असलेल्या व्यक्तीवर गुन्हा दाखल झाला. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने २०२२मध्येच बजावले आहे की, कार्यशाळा वा यूट्यूब पाहणे म्हणजे केशरोपणाचे प्रशिक्षण नव्हे. प्लास्टिक सर्जरी वा त्वचारोगशास्त्र यांचे शिक्षण घेतलेला डॉक्टर, भूल दिल्यावर काही बिघडल्यास सावरण्याची सोय आणि आधीची ॲलर्जीची चौकशी, या तिन्ही गोष्टी नसतील तर तेथून उठून यावे.

कायदा याबाबत मुका नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या ‘जे’ परिशिष्टात टक्कल आणि नवीन केस उगवणे या दोन्हींचा समावेश आहे. म्हणजे ‘टक्कल बरे करतो’ असा दावा कोणत्याही औषधाच्या उत्पादकाला करता येत नाही. तरी वेष्टनावर आणि भिंतीवर तेच वाक्य दिसते. ते दिसेल तेथे अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करणे, हे सजग नागरिकाचे कर्तव्य आहे.

यवतमाळ जिल्ह्याला औषध आणि विष यांतील अंतर कोणी समजावून सांगावे, अशी स्थिती नाही. येथील शेतकरी कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतो, आणि २०१७च्या हंगामात ते औषध फवारताना या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली. कपाशीसाठी आणलेले औषध किती, कसे आणि कोणाच्या सल्ल्याने वापरायचे, हा प्रश्न त्या दुर्दैवाने घरोघरी पोहोचवला. टाळूसाठी आणलेल्या औषधालाही हाच प्रश्न विचारायचा आहे. कारण काय आहे? हे औषध किती काळ घ्यायचे? थांबवल्यावर काय होईल? कोणता त्रास दिसताच बंद करायचे? या चार प्रश्नांची उत्तरे जो देत नाही, त्याच्याकडून औषध घेऊ नये.

आणि एक काम औषधाच्या पलीकडचे आहे. शेगावच्या मुलींच्या सोयरिकी सेलेनियमने अडवल्या नव्हत्या, त्या आपल्या समाजाने अडवल्या होत्या. वरपक्षाने केसांचा प्रश्न विचारणे थांबवले, वर्गात टकलू म्हणून चिडवणाऱ्याला मित्रांनीच आवरले, घरातील वडीलधाऱ्यांनी ‘अजून लग्न व्हायचे आहे’ हा धाक दाखवणे सोडले, तर निम्मी दुकाने आपोआप बंद पडतील. मुंडन केलेल्या मस्तकापुढे नम्र होण्याची या देशाला शतकांची सवय आहे. ती सवय आपल्या शेजारच्या तरुणापर्यंत नेली, तर कित्येक मुले आंधळेपणाने गोळी तोंडात टाकण्याआधी डॉक्टरांच्या दारात उभी राहतील. तेवढे झाले तरी पुष्कळ आहे.