ओळ मावेल एवढं अक्षर

ई-बुक रीडर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कसला, असं मला अलीकडे बरेच जण विचारतात. हा प्रश्न एखाद्या दुकानदाराला किंवा इंजिनीअर मुलाला विचारायचा. पण आमच्या मोहल्ल्यात असं यंत्र पहिल्यांदा माझ्या हातात दिसलं, म्हणून मी जाणकार ठरलो. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. यंत्राच्या पोटात काय आहे ते मला वाचून वाचून कळलं तेवढंच. मात्र २०२२ सालापासून मी त्यावर रोज वाचतो आहे, आणि वाचण्याबद्दल दोन गोष्टी सांगण्याचा हक्क कवीला असायला हरकत नाही.

ते घरात आलं त्याचं कारण हौस नव्हतं. मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा माझी पुस्तकं तळमजल्यावर होती. कागद भिजला की फुगतो. कपाटाच्या फळ्यांत पुस्तकं इतकी घट्ट बसली होती की ओढून काढताना पाठीचा कणा हातात यायचा आणि पानं आतच राहायची. चिखल धुऊन वाळवायचा प्रयत्न आम्ही केला. पण पावसाळ्यात कोकणात काय वाळणार! शेवटी पालिकेच्या गाडीत सगळं गेलं. त्यानंतरच्या दिवसांत मी आठवून आठवून यादी केली. ३४० नावं झाली. पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी म्हणाली, "अब्बू, यातली निम्मी तरी ई-बुकमध्ये मिळतील, आणि ती भिजणार नाहीत." दुसरं कारण डोळ्यांचं होतं. पन्नाशी उलटली की चष्म्याचा नंबर वाढतो, संध्याकाळच्या दिव्यात बारीक टाइप पोहायला लागतो. मी रात्रीचं वाचन जवळजवळ सोडलं होतं.

आता, मोबाइलवर वाचता येतंच की, मग वेगळं यंत्र कशाला, ही पहिली शंका. मोबाइलचा पडदा स्वतः प्रकाश टाकतो. आपण दिव्याकडे बघत वाचत असतो. ई-रीडरच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या लाखो सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण. विजेचा हलका झटका बसला की काळे वर येतात किंवा पांढरे, तेच अक्षर. एकदा पान उमटलं की ते तसंच टिकायला वीज लागत नाही, पान उलटतानाच लागते. म्हणून एकदा चार्ज केलेलं यंत्र आठवडेच्या आठवडे चालतं. आमच्याकडे पावसात दिवे जातात तेव्हा याची किंमत कळते. उन्हात ते कागदासारखं अधिकच स्पष्ट दिसतं. रात्रीसाठी कडेला बारीक दिवे असतात, त्यांचा प्रकाश पानावर पसरतो, डोळ्यांत शिरत नाही. रमजानमध्ये सहरी झाल्यावर फजरच्या अजानपर्यंत घरात सगळे पेंगत असतात, तेव्हा कुणाची झोप न मोडता मी अर्धा तास वाचतो. हे सुख मला कंदिलापासून एलईडीपर्यंत कुठल्याच दिव्याने दिलं नव्हतं.

ही शाई तशी जुनी. ती बनवणारी कंपनी १९९७ साली अमेरिकेत निघाली. त्या शाईवरचा पहिला रीडर २००४ साली सोनीने जपानात आणला, आणि २००७ साली अॅमेझॉनचं किंडल आलं. आपल्याकडे तेच नाव रूढ झालं, जसं वनस्पती तुपाला डालडा. मराठीसाठी लक्षात ठेवायचं साल २०१६. त्या वर्षअखेरीस किंडलच्या दुकानात हिंदी, तमिळ, गुजराती, मल्याळमबरोबर मराठी पुस्तकं आली.

घेताना मी काय पाहिलं ते सांगतो. पहिलं म्हणजे आकार. सहा ते सात इंची यंत्र एका हातात मावतं, कादंबरीला ते पुरेसं आहे. पण महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी मोलाची पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत, आणि तसले ग्रंथ बहुधा पीडीएफ असतात. पीडीएफ म्हणजे पानाचं छायाचित्रच म्हणा. अक्षर मोठं केलं की सगळं पान मोठं होतं आणि कडा पडद्याबाहेर जातात. हिशेब सोपा आहे. डेमी आकाराच्या पुस्तकाचं पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजा, दहा इंच भरतं. ते सहा इंचांत कोंबलं की अक्षर निम्म्याच्या थोडं वर उरतं. जुने ग्रंथ, संशोधन, ओवीबद्ध पोथ्या वाचणाऱ्याने मोठा पडदाच घ्यावा, किंवा ते काम टॅब्लेटवर करावं. मी सात इंची घेतलं, कारण मला पलंगावर पडून वाचायचं होतं. पाठीवर झोपून वाचताना हातातलं यंत्र नाकावर पडतं, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

काही यंत्रं दोन मीटर गोड्या पाण्यात तासभर टिकतात, असंही जाहिरातीत असतं. आमच्या गावात हे वाचून माणसं हसतात. पण उपयोगी आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या दृष्टीने आकारापेक्षा महत्त्वाची: विकत घेण्याआधी कुणाच्या तरी यंत्रावर मराठीचं एक पान उघडून बघा. देवनागरी दिसते म्हणजे मराठी दिसते असं नाही. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श पुष्कळ फॉन्टांत हिंदी वळणाचे येतात. ते एक वेळ चालवून घेऊ. पण जोडाक्षरांची गडबड अर्थच फिरवते. बरीच मराठी पुस्तकं छापखान्यात युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली होती. ती ई-बुकसाठी बदलून घेताना कुणीतरी नीट मुद्रितं वाचावी लागतात. वाचली नाहीत की 'दऱ्या' चा 'दर्या' होतो. सह्याद्रीतल्या खोल दऱ्या एका झटक्यात समुद्र झालेल्या मी पाहिल्या आहेत! कोकणातल्या मुसलमानाला दर्या प्रिय असला, तरी तो घाटमाथ्यावर नको. आता मी कुठलंही ई-बुक घेण्याआधी नमुन्याची फुकट पानं उतरवून घेतो, आणि त्यात पोटफोड्या ष, अर्धा र आणि अवतरणचिन्हं जागच्या जागी आहेत का ते पाहतो. नमुन्यात चुका असतील तर पुढे त्या वाढतातच. स्वतःच्या आवडीचा फॉन्ट यंत्रात घालता येतो, तेवढं कुणा तरुणाकडून करून घ्यावं. पान एकदम ओळखीचं वाटायला लागतं.

अब्बांची उर्दू पुस्तकंही त्या पाण्यात गेली. उर्दूची नस्तालिक लिपी जिन्यावरून उतरावं तशी तिरपी उतरत येते; माझ्या यंत्रावर ती सरळ रेषेत, अरबी वळणात उभी राहते. वाचता येते, पण अब्बांच्या हाताचं वळण त्यात दिसत नाही. 'रेख्ता' च्या संकेतस्थळावर जुन्या उर्दू पुस्तकांची छायाचित्रित पानं आहेत, ती मी मुलीच्या लॅपटॉपवर बघतो.

आता त्या यादीकडे येतो. ३४० पैकी ई-बुक म्हणून मला आजवर मिळाली ६१. कादंबऱ्या आणि चरित्रं बऱ्यापैकी, अनुवाद भरपूर. कवितासंग्रह नऊ. १९८०-९० च्या काळात छोट्या गावांतून, तीनशे-पाचशे प्रतींत, पदरमोड करून काढलेले संग्रह आणि अनियतकालिकांचे अंक जवळजवळ नाहीतच. त्यांचे प्रकाशक उरले नाहीत, कवी गेले, हक्क कुणाकडे ते वारसांनाही ठाऊक नाही. तेव्हा 'आता सगळं ई-बुकमध्ये मिळतं' असं कुणी म्हणालं की मी माझी यादी पुढे करतो. यंत्राने माझं वाचन परत दिलं, हे मी शपथेवर सांगेन. माझा ग्रंथसंग्रह त्याने परत दिलेला नाही.

आणि जे मिळालं ते माझं आहे का? कागदाचं पुस्तक आपण विकतो, देतो, मुलांना ठेवून जातो. ई-बुकचं पैसे देऊन आपण बहुधा वाचायचा परवाना घेतो. २००९ साली अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले गेले, कंपनीने माफीही मागितली. तरी एक गोष्ट सगळ्यांना कळली, की कपाटाची किल्ली दुसऱ्याकडेही आहे. त्यातलं एक पुस्तक '१९८४' होतं, यावर वेगळं काय बोलायचं! किंडलसाठी घेतलेली पुस्तकं संकेतस्थळावरून आपल्या संगणकावर उतरवून ठेवायची सोयही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून, जिथे कुलूप नसलेली ईपब फाइल मिळते तिथे मी ती घेतो आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवतो. तो पेन ड्राइव्ह वरच्या मजल्यावर असतो.

पुस्तक उसनं देण्याचा आनंदही गेला. माझ्या मित्राला मी पुस्तक देऊ शकत नाही, सगळं यंत्रच द्यावं लागतं. पत्नीने ते एकदा दुपारपुरतं घेतलं, तर आठवडाभर परत मिळालं नाही. शेवटी तिच्यासाठी दुसरं आणलं. ती अक्षर माझ्याहून मोठं ठेवते आणि माझ्याहून दुप्पट वाचते.

अक्षर मोठं ठेवण्यावरूनच कवितेची अडचण सांगायची आहे. गद्याला अक्षराचा आकार बदलल्याने काही होत नाही. ओळ कुठेही मोडली तरी वाक्य चालत राहतं. ओवी-अभंगही तरतात, कारण यमक आलं की चरण संपला हे कानाला कळतं. शेख महंमदांची ओवी तुम्ही कशीही मोडा, ती पुन्हा आपल्या पायांवर उभी राहते. पण मुक्तछंदात ओळ कवीने मोडलेली असते, आणि तीच त्याची लय असते. अक्षर मोठं केलं की यंत्र ती आपल्या सोयीने पुन्हा मोडतं. उरलेला एक शब्द खाली एकटा पडतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं कवीनेच तो तसा टाकला. नवकवितेची काही पानं मी पत्नीच्या यंत्रावर पाहिली, तर प्रत्येक कविता दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखी वाटत होती.

माझा पहिला संग्रहही पाण्यात गेला होता. घरात एकही प्रत उरली नाही. एका मास्तरांकडे सापडलेल्या प्रतीवरून तो मी युनिकोडमध्ये पुन्हा टंकलिखित केला आणि ईपब करून घेतला. करून देणाऱ्या मुलाने विचारलं, ओळी मोडतील त्याचं काय? एक तोड म्हणजे मोडलेल्या ओळीचा उरलेला भाग आत सरकवून दाखवायचा, म्हणजे तो नवी ओळ नाही हे कळतं. ते आम्ही केलं. शिवाय काही प्रकाशक करतात तसं पहिल्याच पानावर संग्रहातली सर्वांत लांब ओळ छापली, आणि खाली सूचना लिहिली: ही ओळ एका ओळीत मावेल एवढं अक्षर ठेवावं.

पत्नीने ते पान उघडलं, अक्षर लहान करत करत ओळ बसवली, आणि म्हणाली, "ओळ मावली, पण मला आता ती दिसत नाही." मग तिने यंत्र आडवं धरलं. आडव्या पडद्यावर तिच्या अक्षरात ओळ बसते, फक्त एका पानावर सहाच ओळी येतात. सध्या ती रोज रात्री सहा-सहा ओळी वाचते आहे. संग्रह अजून निम्माही झालेला नाही.