सार्कॉइडोसिस : क्षयासारखा दिसणारा, पण क्षय नव्हे असा विकार

(न्यासाच्या महोत्सवानिमित्त रामघाटावर झालेले भाषण)



या घाटावर मी लहानपणापासून येतो आहे. कार्तिकात आजी पहाटे स्नानाला आणी, तेव्हा थंडीने कुडकुडत याच पायऱ्यांवर बसत असे. येथे उभे राहून भाषण करण्याचा प्रसंग मात्र प्रथमच येत आहे. 'आरोग्यावर काहीतरी सोपे सांगा' असा समितीचा हुकूम होता. मी विषय असा निवडला की त्याचे नाव घेतानाच जीभ अडखळते. यात समितीचा दोष नाही. या विकाराच्या बाबतीत मी स्वतः एकदा चुकलो आहे, आणि माझी चूक ज्यांना भोवली त्या आपल्याच समाजातील वहिनी आज समोर बसल्या आहेत. त्यांची अनुमती घेऊनच बोलतो.

गोष्ट १९९४ सालची. वहिनींचे वय तेव्हा छत्तीस. त्या शाळेत शिकवीत असत. तीन महिने कोरडा खोकला, सायंकाळी अंगात कसकस, जिना चढताना दम आणि दोन्ही नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी अशी तक्रार घेऊन त्या आल्या. क्ष-किरण चित्रात छातीच्या मध्यभागी, दोन्ही फुप्फुसांच्या मुळाशी, लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसत होत्या. थुंकीत जंतू सापडले नाहीत. हातावर केलेली मांटूची चाचणी अगदी कोरी गेली. त्या कोऱ्या हाताने मला थबकवायला हवे होते. आपल्याकडे बहुतेक प्रौढ माणसांच्या हातावर थोडाफार फुगवटा येतोच. परंतु आपल्या देशात खोकला, ताप आणि ग्रंथी एकत्र दिसल्या की वैद्याच्या मनात पहिले नाव क्षयाचेच येते, आणि ते अगदीच अवाजवी नाही. जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. मी क्षयाची औषधे सुरू केली.

आणि वहिनींना बरे वाटू लागले! खोकला गेला, गाठी विरल्या, वजन वाढले. मला स्वतःच्या निदानाचा अभिमान वाटला. नऊ महिने औषधे झाली. या काळात घरात त्यांचे ताट-वाटी वेगळी ठेवलेली होती, आणि धाकट्या नणंदेच्या लग्नाच्या बोलण्यात हा विषय निघू नये म्हणून त्यांना पाहुण्यांसमोर येऊ दिले जात नसे. (जाता जाता सांगतो, क्षयदेखील ताट-वाटीने पसरत नाही, तो खोकल्यातून, हवेतून पसरतो.) पुढे वर्षाच्या आतच त्यांचा उजवा डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना. 'डोळे आले' असे समजून घरात गुलाबपाणी घातले गेले, मीही थेंब लिहून दिले. सात-आठ आठवड्यांनी इंदूरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी डोळा तपासला आणि विचारले, 'यांच्या छातीचे चित्र कोठे आहे?' त्यानंतर मुंबईस ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्यात आला, तेव्हा खरे नाव कळले. त्या डोळ्याची दृष्टी मात्र पुरती परत आली नाही.

हा विकार आहे तरी काय? आपल्या रक्तातील रक्षक पेशी शत्रू दिसला की त्याला घेरून गोळा होतात आणि त्यांची बारीक गाठ बनते. क्षयात अशी गाठ जंतूंभोवती बनते; तिचा मधला भाग मरून चक्क्यासारखा होतो. सार्कॉइडोसिसमध्ये तशाच गाठी बनतात, पण मध्ये चक्का होत नाही आणि कोणताही जंतू सापडत नाही. पहारेकरी जमले आहेत आणि चोर दिसत नाही, असा हा प्रकार. असे का घडते याचे पक्के उत्तर शास्त्राला अद्याप मिळालेले नाही. तो एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. म्हणजे वहिनींचे ताट दोन्ही परींनी विनाकारणच वेगळे ठेवले होते.

लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी १८७७ साली कोळशाच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका माणसाच्या कातडीवरील जांभळट चकत्यांचे वर्णन केले, तेथून याचा इतिहास सुरू होतो. पुढे १८९९ साली नॉर्वेच्या सीझर बक यांनी 'सार्कॉइड', म्हणजे मांसार्बुदासारखे दिसणारे, हे नाव दिले. नाव ऐकून माणसे कर्करोग समजून घाबरतात. हा कर्करोग नव्हे. स्वीडनच्या शाउमान यांच्या ध्यानात आले की कातडी, ग्रंथी आणि फुप्फुसे यांत दिसणारा हा एकच विकार आहे. आपल्याकडे तो नाहीच अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. कोलकात्याच्या डॉ. एस. के. गुप्ता यांनी १९९० साली तुकडा तपासून सिद्ध झालेल्या १२५ रुग्णांचा आढावा छापला, तोपर्यंत ही समजूत डळमळू लागली होतीच. विकार होता, आम्ही त्याला क्षय म्हणत होतो.

आता तो पुढे कसा सरकतो ते सांगतो, कारण खरा घोटाळा तेथेच आहे. लंडनचे डॉ. स्कॅडिंग यांनी १९६१ साली पाच वर्षे पाहणीत ठेवलेल्या १३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. क्ष-किरण चित्रांवरून केलेल्या वर्गवारीला त्यांचे नाव जोडले गेले, आणि तीच आजही वापरली जाते. चित्र स्वच्छ असेल तर शून्य; फक्त ग्रंथी सुजल्या असतील तर पहिली; ग्रंथींबरोबर फुप्फुसावरही डाग असतील तर दुसरी; ग्रंथी गेल्या व डाग राहिले तर तिसरी; आणि फुप्फुस आकसून व्रण पडले तर चौथी. यांना 'स्टेज' म्हणतात, आणि हा शब्द ऐकला की घरात रडारड सुरू होते. 'दुसरी स्टेज आहे, म्हणजे आता तिसरी, मग चौथी!' मंडळी, या स्टेजा म्हणजे आपण बसला आहात त्या घाटाच्या पायऱ्या नव्हेत की एक उतरला की पुढची आलीच. ती केवळ त्या दिवशीच्या चित्राची खूण असते. पाश्चात्त्य देशांतील अनुभव असा की पहिल्या प्रकारातील शेकडा ५५ ते ९० रुग्णांचे चित्र आपोआप निवळते, दुसऱ्यातील ४० ते ७०, तिसऱ्यातील मात्र १० ते २०. चौथ्यातील व्रण जात नाहीत.

आपली क्षिप्रा आषाढ-श्रावणात या पायऱ्या आणि काठची लहान देवळे बुडवते, आणि मग आपोआप उतरते. तसेच बहुतेकांचे होते. वहिनींचा खोकला माझ्या औषधांनी गेला नव्हता. पाणी आपोआप उतरत होते आणि श्रेय मी घेत होतो. नडगीवरच्या लाल गाठी, ताप, सांधेदुखी आणि दोन्ही बाजूंच्या ग्रंथी असा एकदम झालेला प्रारंभ तर सहसा चांगला लक्षण समजला जातो. स्वीडनच्या लोफग्रेन यांच्या नावाने तो ओळखतात.

पण सर्वांचेच पाणी उतरत नाही. शंभरांतील दहा ते तीस जणांत विकार रेंगाळतो. फुप्फुसे आणि छातीतील ग्रंथी नव्वदांहून अधिक जणांत सापडतात. पण हा विकार एका जागी बसणारा नाही. डोळ्यात शिरला तर दृष्टी नेऊ शकतो, आणि कधी कधी डोळा लाल न होताच. म्हणून निदान झालेल्या प्रत्येकाने डोळ्यांची तपासणी करावी, तक्रार नसली तरी. हृदयात शिरला तर नाडीचे ठोके चुकतात, भोवळ येते. अशा वेळी ईसीजी काढल्यावाचून घरी जाऊ नये. मेंदू, यकृत, कातडी कशालाही तो वर्ज्य नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. या गाठी स्वतःच ड जीवनसत्त्वाचे तीव्र रूप तयार करतात, त्यामुळे रक्तातील कॅल्शियम वाढून मूतखडे होऊ शकतात आणि मूत्रपिंडे बिघडू शकतात. हल्ली थकवा आला की ड जीवनसत्त्वाची पुडी आणि कॅल्शियमची गोळी कोणीही कोणालाही सुचवतो. या रुग्णांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आपल्या माळव्याच्या उन्हात फार वेळ बसणेही त्यांना मानवेलच असे नाही.

निदानाचा मार्ग १९९४ च्या मानाने आज पुष्कळ सुकर झाला आहे. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून, ध्वनिलहरींच्या चित्राच्या आधाराने सुईने ग्रंथीचा अंश काढता येतो. तोच अंश क्षयाच्या जंतूंसाठीही तपासता येतो. दोन्ही तपासण्या हव्यात. क्षय असताना स्टेरॉइड दिले तर तो भडकतो, आणि सार्कॉइडोसिस असताना क्षयाची औषधे महिनोन्‌महिने दिली तर यकृताला फुकटचा जाच होतो. धुळीत काम करणाऱ्याच्या छातीतही अशाच ग्रंथी व डाग दिसू शकतात. मंदसोरच्या स्लेट-पेन्सिलीच्या कारखान्यांतील कामगारांचा सिलिकोसिस आपल्या शेजारचाच आहे. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण पूर्वी काय काम करीत होतो ते आवर्जून सांगावे.

उपचाराविषयी थोडक्यात. पुष्कळांना औषध लागतच नाही. तीन-सहा महिन्यांनी तपासणी पुरते. हे ऐकून कुटुंबाला वाटते की डॉक्टर काही करीत नाहीत. पण श्वास कमी पडू लागला, डोळा, हृदय वा मेंदू सापडला, तर थांबू नये. डोळ्याला कधी नुसते थेंबही पुरतात. एरवी मुख्य औषध प्रेडनिसोलोन. किती द्यावे यावर चंदीगडच्या डॉक्टरांनी ८६ रुग्णांवर प्रयोग करून २०२३ साली दाखवले की फुप्फुसांच्या विकारात दिवसाला २० मिलिग्रॅमने सुरुवात केली काय आणि ४० ने केली काय, पुढे विकार उलटण्याच्या प्रमाणात मोठा फरक पडत नाही. आपल्याकडे घरटी एक मधुमेही असतो, आणि हे औषध साखर वाढवते; तेव्हा कमी मात्रेने भागत असेल तर ते आपल्या फायद्याचेच. बरे वाटले म्हणून ते मनाने एकदम बंद करणे मात्र धोक्याचे. ते हळूहळूच उतरवावे लागते. मेथोट्रेक्सेटसारखी दुसरी औषधेही आहेत.

आरतीची वेळ होत आली, तेव्हा एकच विनंती करून आवरतो. छातीची जुनी चित्रे रद्दीत देऊ नका. या विकारात आजच्या चित्रापेक्षा दोन वर्षांपूर्वीचे आणि आजचे शेजारी ठेवून पाहणे अधिक बोलके असते. वहिनींनी आपली १९९४ पासूनची सगळी चित्रे गादीखाली सपाट ठेवलेली आहेत. त्यांतले पहिले पाकीट माझ्या अक्षरातले आहे आणि त्यावर 'क्षय' असे लिहिले आहे. ते फाडून टाका असे मी त्यांना दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. त्यांच्या डाव्या डोळ्याची पुढची तपासणी कार्तिकात आहे. इंदूरला त्यांना मीच घेऊन जाणार आहे.