पायांच्या शिरा आणि आपली बेफिकिरी
(शिक्षक व ग्रामस्थ यांच्या आरोग्य मेळाव्यात एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



एका निवृत्त शिक्षकांच्या घोट्याजवळची जखम सात वर्षे भरून येत नव्हती. मलमे झाली, झाडपाला झाला, पथ्येही झाली. सर्वांनी जखमेकडे पाहिले. पोटरीवरील फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरांकडे कोणीच पाहिले नाही. मूळ दोष तेथेच होता.

हृदयाकडून पायांकडे रक्त नेणाऱ्या त्या रोहिणी व परत आणणाऱ्या त्या नीला. नीलांतील रक्ताला चढण चढावयाची असते. ते मागे घसरू नये म्हणून आत नाजूक झडपा असतात. आपल्या खाजन शेतीच्या बांधातील मानशीची दारे ओहोटीला पाणी बाहेर सोडतात, भरतीचे आत येऊ देत नाहीत. तसेच हे कार्य. या झडपांचे वर्णन इटलीतील फॅब्रिशियस याने १६०३ साली प्रसिद्ध केले. त्यांचे खरे प्रयोजन त्याचा शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली सिद्ध केले.

रक्त वर चढविण्याचे बळ मुख्यत्वे पोटरीचे स्नायू देतात. स्तब्ध उभे असता घोट्याजवळील नीलेतील दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागताच तो बराच उतरतो. झडपा निकामी झाल्या की रक्त साचते, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय जड होतात, कातडी काळवंडते व अखेर जखम होते. आनुवंशिकता, गर्भारपण, वाढते वय, स्थूलता व तासन्‌तास उभे राहण्याचे काम यांमुळे हा विकार बळावतो. शिक्षक, पोलीस, दुकानांतील नोकर यांनी म्हणूनच सावध असावे.

उपाय साधे आहेत. अधूनमधून चालावे, टाचा वरखाली कराव्यात, विश्रांती घेताना पाय उशीवर उंच ठेवावेत. दाब देणारे मोजे वा पट्टी मात्र डॉक्टरांनी तपासल्यावरच वापरावी; रोहिणी अरुंद झालेल्या पायाला, विशेषतः मधुमेही रुग्णास, ती अपायकारक ठरू शकते. आज ध्वनिलहरींच्या तपासणीने दोष नेमका कळतो व सदोष शीर उष्णतेने बंद करून बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते.

दोन गोष्टी मात्र प्रत्येकाने ध्यानात ठेवाव्यात. फुगलेली शीर फुटल्यास रक्त वेगाने वाहते व प्राणावर बेतू शकते. अशा वेळी रुग्णास आडवे निजवावे, पाय हृदयापेक्षा उंच धरावा व स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी. वर दोरी आवळू नये. तिने रक्तस्राव वाढतो. तसेच एकच पाय अकस्मात सुजून दुखू लागल्यास तो चोळू नये, त्वरित रुग्णालय गाठावे. आत गुठळी असल्यास ती फुप्फुसात जाण्याचे भय असते.

त्या गुरुजींच्या सदोष शिरेवर उपचार झाले, पायाला पट्टी बांधली, आणि काही महिन्यांत जखम भरून आली. सात वर्षे वाया गेली ती केवळ अज्ञानामुळे. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचे पाय आज संध्याकाळी एकदा पाहावेत, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.