परमुलखातील लेक आणि मायभूमीचे दार

(वाशीम जिल्ह्यातील एका बुद्धविहारात भरलेल्या महिलांच्या सभेत एका वकील भगिनीने केलेले भाषण)



आज मी आपणांपुढे नेपाळच्या एका कन्येविषयी बोलणार आहे. वाशीममध्ये बसून नेपाळची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. रात्री काठी आपटीत, शिट्टी वाजवीत गल्लीतून फिरणारा गुरखा आपण सर्वांनी पाहिला आहे. महिन्याच्या आरंभी तो दारात येतो आणि आपण त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतो. त्याचे नाव काय, गाव कोणते, मागे घरी कोण आहे, हे आपण विचारीत नाही. आपल्या जिल्ह्यातील माणसेही पोटासाठी पुण्या-मुंबईकडे जातात आणि तेथे त्यांचेही नाव कोणी विचारीत नाही. तेव्हा परमुलूख म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको.

भारत आणि नेपाळ यांच्यात 31 जुलै 1950 रोजी मैत्रीचा करार झाला. त्याच्या सातव्या कलमाने एका देशाच्या नागरिकास दुसऱ्या देशात राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची आणि संचाराची मोकळीक दिली. सीमा ओलांडावयास पासपोर्ट लागत नाही. कष्टाळू माणसास ही सोय मोठीच आहे. परंतु ज्या वाटेने मजूर येतो, त्याच वाटेने दलालही येतो.

चरीमाया तामंग ही सिंधुपाल्चोक जिल्ह्यातील मुलगी. वयाच्या सोळाव्या वर्षी दलालांनी तिला पळवून मुंबईच्या कुंटणखान्यात विकले. तेथे तिने सुमारे बावीस महिने काढले. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत छापे पडले आणि सुमारे पाचशे मुली व स्त्रियांची सुटका झाली. त्यांत दोनशेहून अधिक नेपाळच्या होत्या आणि चरीमायाही त्यांत होती. आता या मुली घरी जातील, असे कोणासही वाटले असते. पण प्रश्न निघाला तो कागदाचा. या मुली नेपाळच्याच कशावरून? नागरिकत्वाचा दाखला कोठे आहे? शिवाय त्या आपल्याबरोबर रोग आणतील, अशीही भीती तेथे बोलून दाखविण्यात आली. त्यांच्या सरकारने त्यांस परत नेण्यास टाळाटाळ केली आणि काही महिने त्या येथील सुधारगृहांत पडून राहिल्या. अखेर जुलै 1996 मध्ये नेपाळमधील स्वयंसेवी संस्थांनी पुढाकार घेऊन शंभराहून अधिक मुलींना स्वदेशी नेले.

दाखला नव्हता हा दोष त्या मुलींचा होता काय? नेपाळच्या 1990 च्या संविधानाने वंशपरंपरेचे नागरिकत्व पित्याच्या नावाने ठरविले होते. आईचे नाव त्यासाठी पुरेसे नव्हते. त्याहूनही जुनी गोष्ट सांगते. नेपाळच्या 1854 च्या मुलुकी ऐन या कायद्याने साऱ्या प्रजेची उतरंड लावली. तीत तामंगांची गणना, ज्यांस गुलाम करता येईल अशा वर्गात केली होती. गुलामगिरी 1920 नंतरच्या दशकात कायद्याने संपली आणि 1963 च्या नव्या ऐनाने जातीच्या उतरंडीचा कायदेशीर आधारही काढला. परंतु कायद्याच्या पुस्तकातून पुसलेली अक्षरे समाजाच्या मनातून तितक्या लवकर पुसली जात नाहीत, हे आपणांस मी काय सांगावे!

अशा मायभूमीचा अभिमान त्या मुलींनी कसा बाळगावा? ऑगस्ट 1931 मध्ये मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधीजींना, आपणांस मायभूमी नाही, असे तोंडावर सांगितले होते. पुढे त्याच बाबासाहेबांनी या देशाच्या संविधानाचा मसुदा सिद्ध केला. जी भूमी आपणांस लेकरू म्हणावयास तयार नाही, तिला तसे म्हणावयास भाग पाडणे, हाही देशाभिमानच आहे. किंबहुना तोच खरा देशाभिमान होय.

चरीमायाने नेमके हेच केले. गावाने नाके मुरडली, तरी तिने स्वतःच्या नावाने दलालांविरुद्ध फिर्याद दिली आणि 1997 मध्ये आठ आरोपींस शिक्षा झाली. परत आलेल्या मुलींनी 1996 मध्येच ‘शक्ती समूह’ ही संस्था उभी केली. तिची रीतसर नोंदणी व्हावयास 2000 साल उजाडले. ज्यांस आपल्याच देशाने ओळख नाकारली होती, त्यांच्या त्या संस्थेला 2013 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि नेपाळचे नाव जगभर झाले. देशाचा गौरव कोणी वाढविला? दाखला मागणाऱ्यांनी, की दाखला नसलेल्यांनी?

आता आपल्या बाजूने पाहू. आपल्या संविधानाचे एकोणिसावे कलम नागरिकांपुरते आहे. पण समतेचे चौदावे आणि जीविताचे एकविसावे ही कलमे प्रत्येक व्यक्तीस लागू आहेत. तेविसाव्या कलमाने माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांस मनाई केली आहे. रेल्वे बोर्ड विरुद्ध चंद्रिमा दास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये, अत्याचारास बळी पडलेल्या एका बांगलादेशी स्त्रीलाही या संरक्षणाचा अधिकार आहे, असा निर्णय दिला. म्हणून आपल्या गावी कामाला आलेली नेपाळी मुलगी निराधार नाही. तिची मजुरी कोणी बुडविली, तिला कोणी कोंडून ठेविले, तर “ती परकी आहे” हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

माझे आपणांस दोनच गोष्टींचे मागणे आहे. पहिली ही, की आपल्या प्रत्येक लेकीचा जन्मदाखला आणि शाळेचा दाखला तिच्या नावाने काढून ठेवा. ती कामासाठी बाहेरगावी निघाली, तर कोणाबरोबर आणि कोठे जाते, हे लिहून घ्या. दुसरी ही, की पुढच्या महिन्यात गुरखा दारी येईल, तेव्हा पैशाबरोबर त्याला त्याचे नाव विचारा. त्याच्या गावाचे, तिथल्या डोंगराचे वर्णन तो करू लागला, तर घटकाभर ऐका. घरापासून दूर असलेल्या माणसाचा तो ठेवा असतो.