डोंगरी सायकल आणि मर्यादित खिसा

ऐरोलीच्या पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि पूर्वेस पारसिकची डोंगररांग. या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टींत घरें, कारखाने आणि कचेऱ्या दाटीनें उभ्या आहेत. १९९९ सालीं मुलुंड-ऐरोली पूल रहदारीस खुला झाला आणि खाडीपलीकडची येऊरची टेकडीहि सायकलस्वाराच्या आटोक्यांत आली. सपाट डांबरी रस्ता, चढाचा डोंगर आणि चार महिने कोसळणारा पाऊस हें सारें घराच्या अंगणाशींच असल्यावर येथील तरुण नोकरदारांस डोंगरी सायकलीचा मोह पडावा, यांत नवल नाहीं. प्रश्न एवढाच, कीं घरभाडें, किराणा आणि मुलांची फी वजा जातां जें हातीं उरतें, त्यांत हा मोह शहाणपणानें कसा पुरवावा. त्याविषयीं आज चार शब्द आपल्यापुढें मांडावयाचे आहेत.

जिला 'हार्डटेल' म्हणतात ती सायकल कोणती, हें प्रथम पाहूं. हिच्या पुढच्या चिमट्यांत धक्का शोषून घेणारी योजना असते. मागचा सांगाडा मात्र ताठ व एकसंध असतो. डोंगरी सायकलीचा खेळ अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत १९७० नंतरच्या दशकांत रुजला. तेथील तरुण जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावरून खालीं पिटाळीत. उतारावरच्या त्यांच्या एका शर्यतीस 'रिपॅक' असें नांव पडलें. कारण मागच्या ब्रेकांतील वंगण उष्णतेनें जळून जाई आणि फेरी संपल्यावर तें नव्यानें भरावें लागे. या खेळाच्या इतिहासांतला पहिला धडा वेगाचा नसून ब्रेकचा आहे, हें आपण ध्यानांत ठेवावें. पुढें १९९६ सालीं अटलांटा येथें या खेळास ऑलिंपिकमध्यें स्थान मिळालें.

आतां खरेदीकडे वळूं. दुकानांत शिरतांच भडक रंगाची, पुढें आणि मागें अशा दोन्हीकडे स्प्रिंगा असलेली एक स्वस्त सायकल डोळ्यांत भरते. ती पाहून थांबूं नये. मागची स्प्रिंग चांगली करावयाची तर खर्च फार येतो. स्वस्तांत केली कीं ती केवळ वजन वाढविते, चढावर पायांची शक्ति गिळते आणि थोड्याच दिवसांत तिचे सांधे खिळखिळे होतात. तेवढ्याच पैशांत साधी हार्डटेल घेतली, तर तोच पैसा चाकांत आणि ब्रेकांत लागलेला असतो.

निवडीसाठीं एकच कसोटी लावावी. जें मागाहून बदलतां येत नाहीं आणि ज्यावर जीव अवलंबून आहे, त्यावर पैसा खर्चावा. जें झिजावयाचेंच आहे, त्यावर वांचवावा.

न बदलणारी पहिली वस्तु म्हणजे फ्रेम. तिचें माप आपल्या उंचीस जुळलें नाहीं, तर उंची सायकलहि गुडघे आणि कंबर दुखविते. वरच्या दांड्यावर दोन्ही पाय टाकून, तळवे जमिनीस पूर्ण टेकवून उभें राहावें. दांडा आणि शरीर यांमध्यें निदान दोन इंच अंतर राहिलें पाहिजे. दुसरें, फ्रेमच्या पुढच्या नळकांड्याकडे पाहावें. तें वर अरुंद व खालीं रुंद असेल, तर पुढें हातीं पैसा आल्यावर अधिक चांगला चिमटा बसवितां येईल. तिसरें, मागच्या चाकाचा आंस. स्वस्त सायकलींत दंतचक्रांचा जुडगा आट्यांवर फिरवून बसविलेला असतो. त्यामुळें उजवीकडचे छर्रे आंत सरकतात आणि खड्ड्यांत आंस वांकण्याचा संभव वाढतो. याऐवजीं कॅसेट पद्धतीचें चाक मिळालें, तर थोडे अधिक पैसे देणें फायद्याचें ठरतें.

गिअरांच्या संख्येस भुलूं नये. एकवीस गिअर ही कांहीं योग्यतेची खूण नव्हे. पुढचें सर्वांत लहान चक्र मागच्या सर्वांत मोठ्या चक्राएवढें किंवा त्याहून लहान आहे ना, एवढें दांते मोजून पाहावें. तसें असेल तर चढावर उतरून चालण्याची वेळ क्वचितच येईल.

ब्रेक डिस्कचेच असावेत. आपल्याकडील पावसांत रिमवर दाबणारे ब्रेक चिखलपाण्यानें निसटतात. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक सर्वांत उत्तम. परंतु खिसा आंखडता असल्यास तारेवर चालणारेहि चालतील, कारण त्यांची तार कोणताहि मिस्त्री बदलूं शकतो. चिमट्याचा प्रवास ऐंशी ते शंभर मिलिमीटर पुरे. तो बंद करण्याची कळ असावी. म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यासारख्या डांबरी वाटेवर शक्ति वायां जाणार नाहीं.

टायर, पायडल, सीट आणि हँडलच्या मुठी या झिजणाऱ्या वस्तु. त्या साध्या असल्या तरी चिंता नाहीं. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्यांस रोज कचेरीलाच जावयाचें आहे आणि डोंगराची गांठ वर्षांतून दोनदांच पडावयाची आहे, त्यांनीं गांठींच्या टायरांचा हट्ट सोडावा. ते डांबरावर घरघरतात, लवकर झिजतात आणि दमवितात. अशा गृहस्थांस ताठ चिमट्याची हलकी सायकल अधिक मानवेल.

आतां साहित्य. हातीं शंभर रुपये आहेत असें समजलें, तर सायकलीस पंचाहत्तरच द्यावेत. उरलेल्या पंचविसांत अंगावरचें आणि बरोबर बाळगावयाचें सारें बसवावें. त्यांतला पहिला मान शिरस्त्राणाचा. तें डोक्यावर घट्ट, कपाळावर भुंवयांच्या दोन बोटें वर बसलें पाहिजे. एकदां जोराचा आघात झाला, कीं वरून धड दिसणारें शिरस्त्राणहि टाकून द्यावें. त्याच्या आंतला फेस एका आघातासाठींच असतो. म्हणून दुसऱ्यानें वापरलेलें शिरस्त्राण कितीहि स्वस्त मिळालें तरी घेऊं नये. मागून पुढें तांबडा आणि पांढरा असे दोन दिवे. कारण आपल्या रस्त्यांवर अवजड वाहनें फार आहेत आणि पावसाळ्यांत दुपारींहि अंधारून येतें. त्यानंतर हातमोजे, कारण पडतांना माणूस हातच पुढें करतो. गादीची विजार लांबच्या फेरीस सुखाची. तिच्या आंत दुसरें वस्त्र घालूं नये, नाहींतर शिवणी कातडीस घासतात. खास बुटांची घाई नको; सपाट तळाचे घट्ट बूट पुरतात. एक पंप, एक जादा ट्यूब, टायर उचकटावयाच्या पट्ट्या, पंक्चरचें साहित्य आणि षट्कोनी चाव्यांचा जुडगा, एवढें पिशवींत नेहमीं असावें.

जुनी सायकल घेण्यास हरकत नाहीं. काटकसरीचा तो उत्तम मार्ग आहे. पण जोडाच्या ठिकाणीं रंग तडकला आहे काय, चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे आहेत काय, चाक फिरवितां डुलतें काय, हें उजेडांत पाहावें. विक्रेत्याकडून मूळ पावती मागावी आणि तीवरील क्रमांक फ्रेमवरील क्रमांकाशीं ताडून घ्यावा. ती नसल्यास सौदा कितीहि गोड असला तरी सोडावा.

खाडीकांठच्या खाऱ्या हवेनें आणि पावसानें पोलादी साखळी लवकर गंजते. चिखलांतून आल्यावर सायकल साध्या पाण्यानें धुवावी. जोराचा फवारा छर्ऱ्यांवर मारूं नये. साखळी कोरडी करून तेलाचा थेंब द्यावा आणि वरचें तेल पुसून टाकावें. पावसाळा सरतांच एकदां ओव्हरऑयलिंग करून घ्यावें. झिजलेली साखळी वेळेवर बदलली, तर महाग दंतचक्रें वांचतात.

येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तेथील वेळांचे आणि वाटांचे नियम पाळावे. पावसांतल्या निसरड्या पायवाटेवर एकट्यानें उतरूं नये.

श्रोतेहो, सायकल किती रुपयांची यापेक्षां ती आठवड्यांतून किती वेळां घराबाहेर निघते, यावरच तिची खरी किंमत ठरते. मापाची फ्रेम, भरंवशाचा ब्रेक आणि डोक्यावर शिरस्त्राण एवढें साधलें, तर उरलेल्या उणिवा पायांचा सराव भरून काढील. कर्ज काढून घेतलेली आणि गॅलरींत धूळ खात पडलेली सायकल कोणासहि वर नेत नाहीं. ऐपतीप्रमाणें घेतलेली मात्र पारसिकच्या माथ्याकडे नेते.